दोष रक्ताचा

इचलकरंजीच्या महिला मंडळात केसतज्ज्ञ डॉ. तुंगारे यांचं व्याख्यान रंगलं होतं. आपल्याच रक्तातला प्लाझ्मा डोक्यात टोचला की गेलेले केस परत येतात, असं ते ऐटीत सांगत होते. पडद्यावर दाट केसांचे फोटो झळकत होते.

मागच्या रांगेत मालन मान खाली घालून बसली होती. तिने हीच इंजेक्शनं घेतली होती, पण एकही केस उगवला नव्हता. "तुमचं रक्तच निकस," असं सुनावून याच डॉक्टरांनी तिची बोळवण केली होती. तिची थोरली जाऊ वत्सलाबाई उठून उभी राहिली.

"डॉक्टर, ज्यांना केस आले नाहीत, त्यांचे फोटो कुठे आहेत?"

"ते कशाला दाखवायचे, बाई? उपचार अचूकच आहे. केस आले नाहीत, तर दोष रक्ताचा."

"म्हणजे आले तर इंजेक्शनमुळे, नाही आले तर रक्तामुळे."

"बरोबर समजलात," डॉक्टर कौतुकाने म्हणाले.

"मग उद्यापासून सुईत नुसतं पाणी भरा. या न्यायाने तेही कधी चुकायचं नाही."

डॉक्टरांनी घसा ओला करायला पाण्याचा पेला उचलला, आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. सगळ्यांत मोठ्याने मालन हसली.