मागे पाहणारा नायक

पूर्वी शूर्पारक नगरीवर एका राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व मिठाच्या तांड्यात जन्माला आला होता. त्याचे नाव रोहक. समुद्रकाठी मीठ भरायचे, बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या, घाट चढून देशावर जायचे आणि धान्य घेऊन परतायचे, हाच त्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तांड्यात माणसे चाळीस आणि बैल साठ.

तांड्याचा नायक रोहकाचा मामा वासव. एकवीस वर्षे त्याने तांडा नेला आणि एकही माणूस गमावला नाही. त्या वर्षी मात्र समुद्रकाठीच त्याला तापाने गाठले. मरताना त्याने नायकाची काठी रोहकाच्या हातात दिली, पण का दिली ते त्याला सांगितले नाही. रोहकाला वाटले, उशाशी मीच बसलो होतो, म्हणून दिली असेल.

तांड्याच्या दोन रीती आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यामुळेच घडले. नायक सर्वांत पुढे चाले आणि त्याच्यामागे कवड्या नावाचा म्हातारा बैल, गळ्यात घंटा घालून. नायक मागे वळला की कवड्या थांबे, आणि कवड्या थांबला की सारे बैल थांबत. दुसरी रीत निरोपाची. अरुंद वाटेवर निरोप तोंडातोंडी जाई, आणि तो जसाच्या तसा न्यायचा असे. कोणी त्यात शब्द घालायचा नाही, कोणी गाळायचा नाही. सर्वांत शेवटी वासवाची बायको रेवती चाले. तिला सारे मामीच म्हणत.

रोहक निघाला खरा, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर वळणावर तो मागे पाही. त्याच्यामागे कवड्याची दोरी धरून गंगिल नावाचा जुना गडी होता. त्याला विचारी, "गंगिलकाका, जाऊ ना पुढं?"

"जा की! मला काय विचारतोस? काठी तुझ्या हातात आहे. अशानं मान मोडेल तुझी."

तिसऱ्या दिवशी दुपारी तांडा उभ्या कड्याच्या वाटेला लागला. एका बाजूला सरळ उभा कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. लादलेला बैल जेमतेम जाईल एवढीच वाट. तिथे बैलाला मागे फिरवता येत नाही. पुढे जायचे, नाहीतर उभे राहायचे. सगळा तांडा वाटेवर आला आणि दरीतून धुके वर चढले. भरदुपारी रोहकाला कवड्यामागचा बैल दिसेना.

मग वरून खडे पडू लागले. आधी बारीक, सांडलेल्या जोंधळ्यासारखे. मग एक मोठा धोंडा कड्यावर आपटून दरीत गेला. वरचा डोंगर सुटत चालला होता. रोहकाने काठीने पुढची वाट चाचपली, तर काठी खाली गेली. वाट ढासळली होती. कातळाला लागून दीड हात माती तेवढी उरली होती.

तो दचकून मागे वळला. शिकवल्याप्रमाणे कवड्या थांबला. मागच्या बैलांना धुक्यात काही दिसत नव्हते, ते एकमेकांवर आदळले. शेवटाकडे एक बैल हंबरला आणि ते हंबरणे मध्येच तुटले. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला. बैलाबरोबर माणूस गेले की काय, हे रोहकाला कळेना. माझ्या वळण्यानेच हे झाले, एवढे मात्र कळले.

"काका, काय करू?"

गंगिलचा चेहरा पांढरा पडला होता. "मला नको विचारूस रे बाबा."

तेवढ्यात मागून निरोप आला. एकेका तोंडून तो पुढे सरकत गंगिलपर्यंत पोचला आणि गंगिलने मामीचे शब्द तसेच सांगितले, "बैल गेला, माणूस वाचलं. रोहका, का थांबलास?"

रोहकाच्या तोंडावर थाप तयार होती. धुके हटायची वाट बघतोय म्हणावे, झाले! असल्या थापा पुढाऱ्यांच्या पदरी कायमच असतात. पण त्या थापेवर विसंबून चाळीस माणसे सुटत्या डोंगराखाली उभी राहिली असती. त्याने थाप गिळली.

"पुढची वाट ढासळली आहे," तो म्हणाला. "मला भीती वाटते."

गंगिल बघतच राहिला. "हे सांगू मागं?"

"जसंच्या तसं."

गंगिलने मागे तोंड करून ते शब्द सांगितले. मग ते धुक्यातून मागे जाऊ लागले. कोणा बाईचा आवाज, कोणाचा घोगरा, कोणाचा रडका, आणि प्रत्येकजण आपल्याच तोंडाने म्हणत होता, मला भीती वाटते, मला भीती वाटते. शब्द लांब गेले, ऐकू येईनासे झाले. वरून खडे पडतच होते. मग मागून मामीचे उत्तर येऊ लागले. एकेका गळ्यातून ते जवळ आले. शेवटी गंगिलने डोळे पुसले आणि म्हटले, "मलाही. आता काय करायचं ते सांग."

तीन दिवस रोहक मागे वळून वळून एक न घाबरलेला चेहरा शोधत होता. तसा एकही तांड्यात नव्हता. ज्याला भीती नाही त्यानेच पुढे जायचे म्हटले, तर हा तांडा डोंगर कोसळेपर्यंत इथेच उभा राहील, हे त्याला कळले. भीती गेली नव्हती. तरी त्याचा आवाज आला, आणि या वेळी तो विचारणारा नव्हता.

"गोण्यांचे दोर कापा. मीठ दरीत लोटा. मोकळा बैल कातळाला घासून जाईल. मी पुढं होतो, घंटेमागं या."

"सगळं मीठ?" गंगिल ओरडला. "अरे, वर्षभर खायचं काय?"

"जगलो तर बघू."

निरोप गेला. दोर तुटले आणि धप्‌ धप्‌ करीत गोण्या दरीत पडू लागल्या. रोहकाने कातळ धरून पाय टाकला. मागे घंटा वाजली.

तो दीड हात वाटेच्या मध्यावर असताना अगदी मागूनच किंकाळी आली. त्याची मान आपोआप वळू लागली. वळलो तर कवड्या इथेच थांबणार! त्याने दात आवळले आणि मान पुढे ठेवली. कोण ओरडले, जगले की गेले, काही माहीत नसताना तो चालत राहिला. आयुष्यात त्याला इतके अवघड काही वाटले नव्हते. वाट संपली, रुंद माळ लागला. सारे बैल मावतील इतका पुढे जाऊन तो वळला.

धुक्यातून कवड्या आला. त्याच्या बाजूला खांदा धरून गंगिल होता. "मीच ओरडलो," तो म्हणाला. "धोंडा बसला. तू वळला असतास तर दुसरा डोक्यात बसला असता." मग एकामागून एक माणसे आली. सर्वांत शेवटी मामी आली. ती माळावर पोचली आणि मागे कडा गडगडत खाली गेला.

रोहक तिच्या पाया पडला. "मामी, मामाला कधी भीती वाटली नाही. मीच असा भित्रा."

"कोण म्हणतं?" मामी म्हणाली. "एकवीस वर्षं या कड्याच्या आदल्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. तुम्हाला त्याची पाठ दिसायची. तोंड मला दिसायचं."

"मग काठी मला का दिली?"

"घाट चढून आलो की सगळे पाणी शोधायला धावायचे. तू एकटाच विचारायचास, मागचे सगळे आले का? ते त्यानं पाहिलं होतं."

रोहक ओक्साबोक्शी रडला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, तिष्य नावाच्या भिक्खूला सांगितली. तीस भिक्खूंना अरण्यापलीकडे घेऊन जा, असे संघाने त्याला सांगितले होते, आणि 'मला जमणार नाही' म्हणून तो खाली मान घालून बसला होता. शास्ते म्हणाले, "रेवती मामी ती आजची वडीलधारी भिक्खुणी, थेरी उत्तरा. गंगिल तो तूच, तिष्य. तेव्हाही तू निरोपातला एक शब्द बदलला नाहीस."

"आणि भगवन, तो घाबरलेला नायक?"

"तो मी."

तिष्याने मान वर केली आणि शास्त्यांकडे पाहिले. मग तो उठला, पात्र घेतले आणि थांबलेल्या तीस जणांच्या पुढे जाऊन उभा राहिला. भीती असतानाही मागच्यांसाठी पुढचे पाऊल टाकणे, यालाच वीर्यपारमिता म्हणतात.