खडकाईच्या माळावर वस्ती कशी झाली

खडकाईची जत्रा पाच दिवसांची, पण तिच्या माळावर चाळीस उंबऱ्यांची वाडी बारा महिने नांदते. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मग देवळातले केरबा गुरव त्यांना ओट्यावर बसवतात आणि आधीच बजावतात, की हे ऐकून घास गोड लागणार नाही.

पूर्वी म्हणे इथे चिटपाखरूही नसे. बारा गावांची जत्रा भरायची आणि उठायची. उठताना माळाकडे वळून बघायचं नाही, असा दंडक होता. पुढचं वर्षभर देवीला एकांत हवा. तिथे पाऊल टाकील त्याचा निर्वंश होतो, असं सांगत.

अशाच एका जत्रेला बांगड्या भरणारी येसू कासारीण आली होती. बरोबर नवरा सटवा आणि सासू बयाबाई. म्हातारीला दिसेनासं झालं होतं, पण सासूसुनेचं मेतकूट जमलेलं होतं. निघताना सटवा म्हणाला, "आई मामाच्या गाडीतनं म्होरं गेली." गावात पोचल्यावर मामाच्या गाडीतून मामा एकटाच उतरला. सटव्याने नजर चुकवली आणि सासू माळावरच राहिली, हे येसूने ओळखलं. निर्वंश झाला तर होऊ दे, म्हणत ती आल्या पावली माळाकडे धावली.

ती देवळामागच्या ओवरीत शिरली. भिंतीला टेकून सतरा म्हातारी माणसं ओळीने बसली होती. कोणाच्या पदरात भाकरी, कोणाच्या मांडीवर नारळ. पोटच्या पोरांनी देवीच्या हवाली केलेली! पुढच्या जत्रेआधी ओवरी झाडणारे तिथून टोपल्यांत काय भरून नेतात, हे बारा गावांत कोणी कधी विचारलं नव्हतं. ते झाडणारे आमचेच वाडवडील, असं केरबा खाली मान घालून सांगतात.

"आत्याबाई, उठा! घरी चला!" येसू किंचाळली.

बयाबाईने आवाज ओळखला. "रडू नगंस. माझ्या सासूला म्याच आणून बसवलं व्हतं. ह्याच खांबापाशी."

येसू सासूशेजारी बसली. सासूचा राग यावा की कीव, तिला कळेना. मग ध्यानात आलं, की उद्या या खांबापाशी आपणच असणार. ती संतापाने उठली, तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. त्या घरी ती पुन्हा गेली नाही. हजारोंना पाच दिवस पुरणारं देवळाचं टाकं अठरा जणांना वर्षभर पुरलं. ज्यांचे हात चालत होते त्यांनी नैवेद्याचे जोंधळे पेरले, असं सांगतात.

वर्षाने बारा गावं आली, तर माळावर धूर! वाटेत बयाबाई बसलेली. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारी, "कुणाचा रं तू? आईचं नाव सांग." सटवा समोर आला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मागे गर्दी खोळंबली आणि एकेकाची मान खाली गेली. त्या वर्षी जत्रा भरलीच नाही. प्रत्येक गावाने तिथे एकेक घर वसवून दिलं आणि वर्षातल्या एका महिन्याचं धान्य पुरवायची पाळी उचलली.

आजही जत्रेकऱ्याला वेशीत अडवतात. त्याने आईचं नाव सांगायचं, आणि ती सध्या कुठे असते तेही. जो अडखळतो, त्याला दर्शन नाही. गेल्या साली नऊ जण असे माघारी फिरले. त्यांतले दोघे दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आले.