रेड्याच्या कानातले सल्लागार

नदीकाठच्या एका गायरानात म्हशींचा कळप होता आणि एक रेडा त्यांचा राजा होता. अंगाने धिप्पाड, पण कानाने हलका.

रोज सकाळी साळुंक्या यायच्या आणि म्हशींच्या अंगावरचे गोचीड टिपून खायच्या. म्हशींना आराम, साळुंक्यांना न्याहारी. गोचिडांना हे कसे परवडणार? त्यांच्यातले काही हुशार गोचीड राजाच्या कानात जाऊन बसले आणि दिवसभर गोड गोड कुजबुजू लागले.

"महाराज, पाखरं आपल्या पाठीवर बसतात, केवढा हा अपमान! सगळे हेच म्हणतात. आमचं तर आपल्याशी रक्ताचं नातं, आम्ही खोटं कशाला सांगू?"

राजाला ते पटले. त्याने हुकूम काढला, की जो पाखराला अंगावर बसू देईल त्याला गायरानातून हाकलले जाईल.

पावसाळा सरेपर्यंत कळप खंगून गेला. चांदी नावाच्या म्हशीचे रेडकू तर दूध प्यायलाही उठेना. चांदी तडक राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, साळुंक्यांना परत येऊ द्या. माझं लेकरू मरायला टेकलंय."

"उगाच कांगावा करू नकोस. कळप मजेत आहे. सगळे सांगतात मला."

"सगळे म्हणजे कोण, महाराज?"

राजाला एकही नाव सांगता येईना, म्हणून तो चिडला. शिंगे रोखून तिच्या अंगावर आला. चांदी तसूभरही मागे सरली नाही. इतक्या जवळून तिला त्याचा सुजलेला कान दिसला आणि सगळा उलगडा झाला.

"हाकलायचं तर खुशाल हाकला," ती म्हणाली, "पण आधी तो कान बघू द्या." आणि तिने सगळ्यांदेखत साळुंकीला हाक मारली.

साळुंकी थेट राजाच्या कानावर उतरली. आतून एक गोचीड उपटून तिने त्याच्या पायापाशी टाकला. राजाच्याच रक्ताने तो टम्म फुगला होता.

"हा कोण?" राजा दचकला.

"हेच ते तुमचे 'सगळे', महाराज."

राजा खजील झाला. साळुंकीने कान मोकळा केला, तेव्हा कुठे त्याला रेडकाचे कण्हणे ऐकू आले. त्याने तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला. साळुंक्या परतल्या आणि रेडकू हळूहळू उभे राहिले.

मग राजाने नवा नियम केला. ज्याला काही सांगायचे असेल, त्याने उघड्या माळावर, कळपासमोर सांगावे. गोचिडांनाही मनाई नव्हती. पण एकही आला नाही.

तात्पर्य: जो आपले कान भरतो, त्याचे पोट कशावर भरते हे राज्य करणाऱ्याने आधी पाहावे, आणि कानाशी लागणाऱ्याला चारचौघांत बोलायला लावावे.