ठशाखालची गोधडी

लहानांनो, जवळ या. मोठ्यांनो, तुम्हीही बसा. ही गोष्ट इतकी जुनी आहे, की माझ्या पणजीने ऐकली तेव्हाही ती जुनीच होती.

एका राज्यात, नदीच्या काठावर, एका म्हाताऱ्या ठसेकराची शाळा होती. शाळा म्हणजे काय, गवताचे छप्पर, एक लांबलचक पाट आणि भिंतीला टेकून ठेवलेले लाकडी ठसे. ठसा रंगात बुडवायचा, पाटावर पसरलेल्या कापडावर ठेवायचा आणि मुठीने ठोका द्यायचा, की कापडावर नक्षी उमटे. म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणत.

तात्यांची नजर अधू झाली होती. त्या राज्याचा नियम असा, की ज्या ठसेकराला दिसेनासे झाले, त्याची जागा त्याच्या एखाद्या शिष्याने चालवायची. आणि शिष्य म्हणजे राणीच्या ठसेशाळेची परीक्षा पार केलेला. तसा कुणी नसेल तर ती जागा राजाच्या पागेला जाई. तात्यांकडे आता एकच शिष्या उरली होती. तिचे नाव सगुणा.

सगुणा हुशार होती, पण धीर म्हणाल तर नावाला नाही. वर्षभर तात्यांनी तिला ठोका म्हणून मारू दिला नव्हता. सकाळी पाटावर गोधडी अंथर, तिच्यावरून हात फिरव, एकही सुरकुती ठेवू नकोस. डोळे मिटून शोध, डोळ्यांना सुरकुत्या दिसत नाहीत. कापड पुरते वाळलेय का, गालाला लावून पाहा. ठसे धुऊन सावलीत ठेव आणि बोटाने ठोकून ऐक, आत ओल राहिलीय का. बस्स, एवढेच.

शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "तात्या, मी इथे गोधडी झटकायला आले नव्हते. जगात छापण्याच्या किती तऱ्हा आहेत म्हणतात. मला त्या सगळ्या शिकायच्या आहेत."

तात्या रागावले नाहीत. "जा की," ते म्हणाले. "सगळं बघून ये. पण पाडव्याला परीक्षा आहे, आणि तू पास झाली नाहीस तर इथे घोडे बांधतील, एवढं ध्यानात असू दे."

मग त्यांनी पाटावरची गोधडी काढून तिच्या हातात दिली. "वाटेत अंथरायला होईल. हरवू नकोस."

ती गोधडी पाहून कुणीही नाक मुरडले असते. पाटावरचा कपडा जुना झाला की तात्या तो फेकत नसत. त्याच्यावर नवा घालून टाके मारत. असे थरावर थर चढलेले. प्रत्येक थरावर कापडातून झिरपलेले रंग, चुकलेले ठसे, घसरलेली फुले. सगुणेला इतकी लाज वाटली, की तिने ती उलटी करून गुंडाळली आणि वाट धरली.

आधी ती लाकूड कोरणाऱ्या बाईकडे गेली. जे छापायचे ते उंच ठेवायचे आणि बाकीचे खणून काढायचे, ही तिची विद्या. कोरलेला ठसा ती ओल्या मातीवर दाबून तपासे. तिने सगुणेपुढे दहा फळ्या टाकल्या आणि म्हणाली, "यातली एकच आतपर्यंत वाळून पुरती मुरलेली आहे. काढ." सगुणेने प्रत्येक फळीवर बोट वाजवले आणि नेमकी ती उचलली.

बाईचे डोळे विस्फारले. "हे कुणी शिकवलं गं?"

"कुणी नाही," सगुणा म्हणाली. "मला आपसूकच कळतं."

तिथून ती ताम्रपटवाल्याकडे गेली. त्याचे सगळेच उलटे. तो तांब्याच्या पत्र्यावर रेषा खोदायचा, शाई त्या खाचांत भरायचा, आणि ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दोन रुळांमधून काढायचा. जे खोल ते छापून यायचे. कागद फार ओला झाला तर शाई पसरे, कमी ओला राहिला तर रेषाच उमटत नसे. नवशिक्यांचे महिने यातच जात. सगुणेने कागद उचलला, गालाला लावला आणि म्हणाली, "आता घाला." रेषा केसासारखी उमटली.

"तुझ्या गालाला हे कुणी शिकवलं?" त्याने विचारले.

"कुणी नाही. मला आपसूकच जमतं."

शेवटी ती शिळाछापवाल्या आजोबांकडे पोचली. त्यांच्याकडे उंचही काही नाही आणि खोलही काही नाही. सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि दगड पाण्याने ओला करायचा. शाई तेलाला धरते आणि पाण्याला सोडते, एवढ्यावरच सगळा कारभार. पण त्यासाठी दगड वाळूने घासून अगदी समतल करावा लागे. सगुणेने डोळे मिटून दगडावर तळवा फिरवला आणि म्हणाली, "या कोपऱ्यात जरा उंच आहे." आजोबांनी पट्टी लावून पाहिले. खरेच होते.

"हे कुठून आणलंस, पोरी?"

"कुठून नाही. आपसूकच येतं."

आजोबा हसले. "आपसूक उगवतं ते तण. पिकाला कुणीतरी पेरावं लागतं." सगुणेला ते लागले, पण पटले नाही. माणसाला पटेपर्यंत गोष्ट संपत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच.

पाडवा आला. राणीच्या ठसेशाळेची प्रमुख एक वृद्ध बाई होती. तिला सगळे थोरली बाई म्हणत, आणि तिच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळत असे. परीक्षेची रीत अशी, की मधे आपली नक्षी छापायची आणि कापडाच्या चार कोपऱ्यांत, ज्यांच्याकडून शिकलो त्यांची चिन्हे. पहिला कोपरा पहिल्या गुरूचा.

सगुणेने तीन चिन्हे तयार ठेवली होती. लाकूडवालीचे पान, ताम्रपटवाल्याचा मासा, शिळाछापवाल्या आजोबांचे कासव. पहिल्या कोपऱ्यासाठी तिने एक सुंदर कमळ कोरून आणले होते. ते तिचे स्वतःचे चिन्ह होते.

परीक्षेचा पाट होता गुळगुळीत दगडाचा. प्रत्येकाला तीन कापडे मिळत. सगुणेने पहिले कापड पसरले, ठसा मंजिष्ठेच्या तांबड्या रंगात बुडवला आणि ठोका दिला. नक्षी अर्धी उमटली, अर्धी गायब. तिला वाटले, ठोका हलका पडला. दुसऱ्या कापडावर तिने सगळा जीव काढून मूठ मारली. ठसा दगडावरून घसरला आणि रंग फरफटत गेला.

आता एकच कापड उरले. लाकूड तेच, रंग तोच, कोरीव काम तर तात्यांच्या ठशांपेक्षा शंभर पटींनी बारीक. मग चुकतेय कुठे? तिने दगडावरून तळवा फिरवला. तळव्याला थंड, कडक दगड लागला, आणि त्याच तळव्याला आठवले. रोज सकाळी त्याच्याखाली काय असायचे?

ती धावत बाहेर गेली आणि आपल्या बोचक्यातली गोधडी सोडून घेऊन आली. ती डागाळलेली गोधडी पाहून बाकीचे परीक्षार्थी खो खो हसले. सगुणेने ती दगडावर अंथरली आणि डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवला. एक सुरकुती लागली, ती काढली. कापड गालाला लावून पाहिले. मग वर कापड, वर ठसा, आणि मुठीचा एकच ठोका.

कळीन् कळी उमटली. हसणारे माना उंचावून पाहू लागले.

तिने पान छापले, मासा छापला, कासव छापले. मग कमळ हातात घेतले, आणि तिला रडू आले. फळीवर वाजवलेले बोट, कागदाला लावलेला गाल, दगडावरून फिरवलेला तळवा. तीन घरी तिला तोच प्रश्न विचारला होता, आणि तिन्ही घरी तिने तात्यांना पुसून टाकले होते.

तिने कमळ खाली ठेवले. पण पहिल्या कोपऱ्यात घालायचे काय? तात्यांनी स्वतःसाठी कधी चिन्ह कोरलेच नव्हते. शेवटी तिने गोधडीचे टाके उसवले, अगदी तळाच्या थराचा चिंधीएवढा तुकडा कापला आणि तो कापडाच्या पहिल्या कोपऱ्यात शिवला.

"हे काय?" थोरल्या बाईने विचारले.

"माझ्या पहिल्या गुरूंचं चिन्ह, बाई. त्यांनी मला काहीच शिकवलं नाही, असं मी वर्षभर समजत होते."

थोरली बाई तुकड्यावर वाकली. त्यावर एक कोयरी होती. फिकट, वाकडी, शेपटीकडे घसरलेली. बाईने तिच्या शेपटीवरून बोट फिरवले.

"ही कोयरी माझी आहे," ती म्हणाली. "माझा पहिला ठसा. कापड सरकलं आणि तो खालच्या कपड्यावर पडला. मी घाबरले, तर तात्या म्हणाले, 'पडू दे, खालचा कपडा त्याच्यासाठीच असतो.' मुली, मी परीक्षा दिली तेव्हा पहिल्या कोपऱ्यात मीही माझंच चिन्ह घातलं होतं. कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही."

त्याच दिवशी दोघी नदीकाठी गेल्या. पागेची माणसे घोडे बांधायचे खुंट घेऊन आलीच होती. सगुणा परीक्षा पास झाली, असे थोरल्या बाईने सांगताच ती माणसे खुंट उचलून परत गेली. तात्यांनी सगुणेचे कापड चाचपले, पहिल्या कोपऱ्याशी त्यांची बोटे थांबली, आणि त्यांनी तो कोपरा गालाला लावला.

"गोधडी कापलीस होय?" ते म्हणाले. "बरं, नवा थर घालून शिवून टाक. उद्या पोरं शिकायला येतील."

"मी धरते, तात्या. ती शिवेल," थोरली बाई म्हणाली, आणि त्यांच्या पायाशी बसली.

तेव्हापासून त्या राज्यात शिष्य परीक्षेला निघाला, की त्याच्या कापडाच्या पहिल्या कोपऱ्यात शाळेच्या गोधडीचा तुकडा शिवतात. मग गोधडीवर नवा थर चढतो.

बोध: ठसा सर्वांना दिसतो, पण तो उमटतो खाली अंथरलेल्या आधारावर, म्हणून विद्या मिरवण्याआधी त्या आधाराचे उपकार मानावेत.