सिरॅमिकची झीज

"जाडी भरतेय. तडा नाही, कडा कुठं उडालेली नाही. आणखी काय बघायचं राहिलं, काका?"

शेडच्या दारात बाजेवर बसून विश्राम शिंत्रे हरभऱ्याचे घाटे सोलत होते. सोललेले दाणे वाटीत, टरफलं पायाशी.

सारंग उपळेकर हातात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन उभा होता. त्याच्या मागं ती गाडी. राखाडी रंगाची, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. पन्हाळ्याच्या रस्त्याला, उसाच्या फडाकडेला असली गाडी उभी राहिली की येणारा-जाणारा सायकल थांबवून बघतो. आताही दोघं-तिघं बघत होते.

"कशानं मोजलीस ब्रेकच्या डिस्कची जाडी?" काकांनी विचारलं.

"व्हर्नियरनं. चारही चाकांची."

"लोखंडाची डिस्क असती तर बरोबर होतं. ही कार्बन आणि सिरॅमिकची आहे."

सारंग हसला. शिरोलीला त्याची फाउंड्री होती. बापानं एका भट्टीवर सुरू केलेली, त्यानं वाढवलेली. "काका, माझ्याकडं रोज डिस्क ओततात. निम्म्या जिल्ह्याचे ट्रक माझ्या ब्रेकवर थांबतात."

"थांबतात ना?"

"थांबतात की."

"छान."

पुन्हा घाटे सोलणं सुरू झालं.

सारंगला ही गप्प बसायची रीत ठाऊक होती. कॉलेजात असताना तो याच शेडमध्ये शिकला होता. विश्रामकाका तेव्हा रॅलीत गाड्या पळवायचे आणि उरलेल्या वेळात हौशी पोरांना गाडी ओळखायला शिकवायचे. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचा, टायर बघून मालकाचा स्वभाव. पोरं पांगली. काकांनी रॅली सोडली. मागच्या गुऱ्हाळाला अर्धी शेड देऊन टाकली आणि उरलेल्या अर्ध्यात ते एकटे राहत होते. सारंग कितीतरी वर्षांनी आला होता आणि आल्या आल्या त्यानं किल्ली बाजेवर ठेवून सांगितलं होतं, बघा म्हणून. खरं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला काकांच्या तोंडून फक्त 'घे' ऐकायचं होतं.

"वजन केलंस?" काका म्हणाले.

"कशाचं?"

"डिस्कचं."

"डिस्कचं वजन कोण करतं?"

काकांनी वाटी बाजूला ठेवली. "चाक काढ."

"काका, गाडी अजून माझी नाही. कॅप्टननी चालवून बघायला दिलीय. खोलायला नाही."

"मग विचार त्यांना."

सारंगनं फोन लावला. गाडीचे मालक कॅप्टन हुद्दार सावंतवाडीला राहायचे. आयुष्य जहाजांवर गेलेलं, आता निवृत्त. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

सारंगनं चाक आणि डिस्क काढायची परवानगी मागितली.

"काढा, काढा. मी स्वतः कधी बघितलं नाही आत काय आहे ते," कॅप्टन म्हणाले. "गाडी नीट चालतेय ना?"

"चालतेय."

"थंडीत पहिल्यांदा सुरू करताना थोडी कुरकुरते. लक्ष देऊ नका. तिकडे थंडी आहे का?"

"आहे बऱ्यापैकी."

"इथं नाही. इथं... नुसता वारा. तुम्ही जेवलात?"

"हो, जेवलो."

"बरं. चाक काढताना जॅक नीट जागेवर लावा हां. आणि काय... पेट्रोल आहे ना? मी भरून दिलं होतं."

"आहे, कॅप्टन. ठेवू का?"

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग कॅप्टन म्हणाले, "ठेवा की. ठेवा."

फोन खिशात टाकत सारंग म्हणाला, "फार बोलतो माणूस."

काकांनी जॅक पुढं सरकवला.

चाक निघालं, डिस्कला चिमटणारा कॅलिपर सुटला. डिस्क निघता निघत नव्हती. काका रबरी हातोडीनं मागून टकटक करत राहिले आणि ती अलगद सारंगच्या हातात आली. तो चपापला. आयुष्यभर त्यानं लोखंडाच्या डिस्क उचलल्या होत्या. हाताला जी सवय होती तिच्या मानानं ही काहीच नव्हती.

"हलकी आहे," तो म्हणाला.

"हलकीच असते. किती हलकी, ते बघायचंय."

गुऱ्हाळात काहिलीतून वाफ उठत होती. तिथला आप्पा गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वजनकाट्यावर ठेवून उतरवत होता. काकांनी त्याला एक रवा बाजूला घ्यायला सांगितला आणि त्या जागी डिस्क ठेवली. आप्पा एकदा डिस्ककडं, एकदा काकांकडं बघून गुळाकडं वळला.

"मधल्या भागावर बघ. काय कोरलंय?"

सारंगनं बोटानं काजळी पुसली. बारीक अक्षरं होती. किमान वजन, आणि पुढं आकडा. गाडी बनवणाऱ्यानंच कोरून ठेवलेलं. वजन याच्या खाली गेलं की डिस्क टाकून द्यायची.

काट्यावरचा आकडा त्याच्या खाली होता.

सारंगनं डिस्क उचलून पुन्हा ठेवली. आकडा तोच आला. मग तो गेला आणि दुसऱ्या बाजूची काढून घेऊन आला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तीही कमीच भरली.

"पण जाडी तर पूर्ण आहे."

"लोखंड वरून झिजतं," काका म्हणाले. "रोज थोडं. हाताला लागतं, डोळ्याला दिसतं. हे तसं झिजत नाही. साध्या चालवण्यानं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण फार तापलं, पुन्हा पुन्हा तापलं, की आतला कार्बन जळतो. जाडी तेवढीच राहते, वजन उतरतं."



नव्या डिस्क घ्यायच्या तर तेवढ्या पैशात एक लहान गाडी येईल. त्या खर्चाचं त्याला फारसं काही नव्हतं. आपण फसणार होतो, आणि तेही ब्रेकच्या बाबतीत, हे त्याला झोंबत होतं.

"म्हातारा खोटं बोलला," तो म्हणाला. "शपथेवर सांगत होता, रेसच्या ट्रॅकवर कधी नेली नाही म्हणून."

"नेली नसेल."

"मग इतकी तापली कशी?"

"सावंतवाडीच्या डोक्यावर काय आहे?"

"आंबोली."

"घाट आहे."

"घाट सगळेच उतरतात, काका."

"उतरतात. खाली पोचले की घरी जातात." काकांनी डिस्क काट्यावरून उचलून छातीशी धरली. "हा खाली पोचला की वळून परत वर गेला असेल. आणि पुन्हा उतरला असेल. जोरात."

"असं कोण करतं? कशासाठी?"

"घरी जायचं नसेल."

आप्पानं काहिलीत फावडं फिरवलं. उकळत्या पाकाचा बद्द बद्द आवाज येत होता.

सारंगला आपलं रोजचं परतणं आठवलं.

फाउंड्री संध्याकाळी सुटायची. वॉचमन सलाम करायचा. सारंग ड्रायव्हरला घरी पाठवून स्वतः गाडी काढायचा आणि डावीकडं, घराकडं वळायच्या ऐवजी उजवीकडं हायवेला लागायचा. कागल मागं पडायचं, निपाणीचे दिवे दिसायचे. तिथून वळायचं. कधी कधी वळायचंही लक्षात राहायचं नाही. त्याची बायको वैजयंती पुण्याला लेकीकडं गेली होती, नातीच्या बारशाला. नात आता शाळेत जात होती. भांडण असं झालंच नव्हतं. भांडण असतं तर मिटवायला तरी गेलो असतो, असं त्याला वाटायचं. सकाळी निघताना तो दिवाणखान्यातला दिवा मुद्दाम चालू ठेवून जायचा, म्हणजे परतल्यावर घरात अंधार नसायचा.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. काकांनाही नाही.

काका त्याच्याकडं बघतही नव्हते. ते डिस्क घेऊन शेडकडं निघाले होते.

डिस्क जागेवर बसल्या. चाकं लागली. बोल्ट आवळायचं काम सारंगनं एकट्यानं केलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. अवजारं पुसायला फडकं शोधताना त्यानं गाडीचं डावं दार उघडलं आणि आत वाकला.

"एक मात्र चांगलं आहे," तो म्हणाला. आवाजात पुन्हा थोडा जोर आला होता. "ही शेजारची सीट बघा. ड्रायव्हरच्या सीटचं कातडं घासून पांढरं पडलंय. ही अगदी कोरी. कंपनीतून आली तश्शी."

काका आले. त्यांनी सीटवर तळहात फिरवला. कातड्याला अजून नव्याचा वास होता.

"गाडीतला सगळ्यात खराब भाग हाच," ते म्हणाले.

सारंगला हसू आलं. "काय काका..."

मग ते हसू तिथंच राहिलं. तो दार धरून उभा राहिला, कितीतरी वेळ. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. टेपवरचं गाणं जवळ आलं आणि लांब गेलं. गाडी बघायला थांबलेली माणसंही आता निघून गेली होती.

"परत देऊन टाकतो," शेवटी तो म्हणाला. "फोन करून सांगतो, ब्रेक गेलेत म्हणून."

त्यानं फोन काढला. नंबर लावणार, तोच काकांनी आपला काळा, तेलकट हात त्या फोनवर ठेवला. दाबला नाही, ओढला नाही. नुसता ठेवला.

"फोनवर सांगू नकोस."

"मग?"

काकांनी हात उचलून गाडीकडं दाखवला.

"म्हणजे जाऊन सांगू? सावंतवाडीला? असल्या ब्रेकवर आंबोली उतरून?"

"घाट गिअरवर उतरायचा. वेग वाढूच द्यायचा नाही. मग ब्रेकला फार कामच पडत नाही. अशा चालीनं पोचायला एवढ्या डिस्क पुरतात. घाईला पुरत नाहीत."

"संध्याकाळ होईल पोचायला."

"होऊ दे की."

सारंगनं गाडीकडं बघितलं. रस्ता डोळ्यांपुढं आला. आजरा, आंबोली, मग ती वळणं, आणि खाली एक माणूस, जो पहिल्या रिंगला फोन उचलतो. त्याला काय सांगायचं? तुमच्या डिस्क जळल्यात. कशा जळल्या, ते मला माहीत आहे. असं कसं सांगायचं कुणाला? आणि सांगितल्यावर तिथून एसटीनं एकट्यानंच परत यायचं.

कारखान्यात तो दिवसभर हुकूम सोडायचा, लोक पळायचे. पण माझ्याबरोबर चला, असं म्हणून त्याला जमाना झाला होता. पुण्याच्या फोनवरही ते शब्द ओठापर्यंत येऊन मागं फिरायचे. मग तो गॅस सिलिंडरचं नाहीतर लाइट बिलाचं काहीतरी बोलायचा.

"काका..."

"हं."

"तुम्ही..." त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही येता का बरोबर?"

विश्रामकाकांनी हात फडक्याला पुसले. सारंगला वाटलं, नाही म्हणतील. म्हातारं माणूस, कुठं एवढ्या लांब.

काका आत गेले. स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून बाहेर आले. गुऱ्हाळाकडं बघून हाक दिली, "आप्पा, शेडकडं लक्ष ठेव रे." मग त्यांनी डाव्या दाराची चौकट धरली, आधी एक पाय आत टाकला, मग कंबर, मग दुसरा पाय. एवढ्या बुटक्या गाडीत बसायचं म्हणजे त्यांच्या गुडघ्यांची परीक्षाच होती. बसल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. सीटचं कोरं कातडं त्यांच्या वजनाखाली करकरलं.

सारंग चाकामागं बसला. इंजिन सुरू झालं. थोडं कुरकुरलं आणि मग एका सुरात लागलं.

काकांनी खांद्यावरून हात मागं नेऊन बेल्ट ओढला. तो वीतभर आला आणि अडला. त्यांनी सोडला, पुन्हा ओढला. पुन्हा अडला.

"खराब झाला असणार," सारंग म्हणाला. "कुणी कधी लावलाच नाही ना तो. थांबा, मी जोर लावतो."

त्यानं हात पुढं केला. काकांनी तो हळूच बाजूला सारला. बेल्ट पूर्ण मागं जाऊ दिला आणि पुन्हा धरला. या वेळी इतक्या सावकाश, की तो सरकतोय की नाही तेही कळत नव्हतं. पट्टा मात्र बाहेर येत राहिला. गुंडाळीच्या जुन्या खुणा एकेक करून उलगडत छातीवरून खाली आल्या आणि टोक खटकन बसलं.

"हिसका दिला की अडतो," विश्रामकाका म्हणाले. "हळू ओढला की येतो."