पालथा वाडगा

एकदा एक वृद्ध भाषापंडित आपल्या शिष्याला घेऊन समुद्रापारच्या उंटपाळांच्या वस्तीत राहिला. त्या लोकांच्या कुशिटिक कुळातल्या भाषेत अंतर दाखवायला चार शब्द होते. हाताशी असलेल्यासाठी पहिला, चार पावलांवरच्यासाठी दुसरा, दूर पण दिसणाऱ्यासाठी तिसरा आणि नजरेपलीकडे गेलेल्यासाठी चौथा. शिष्याने ते दोन दिवसांत पाठ केले.

त्यांची यजमानीण अर्दो. तिचा मुलगा गुलेद हरवलेली सांडणी शोधायला गेला, त्याला अकरा दिवस झाले होते. रोज सायंकाळी ती त्याचा लाकडी वाडगा दुधाने भरून म्हणे, "हे ह्याचं." शब्द पहिला, हाताशी असलेल्याचा.

शिष्य हसला. "चुकलात, मावशी. गुलेद दिसतोय कुठे? इथे चौथा शब्द हवा."

अर्दोचा हात थांबला. शेजारी बसलेले गुलेदचे दोन्ही काका एकमेकांकडे पाहू लागले. शिष्याने वहीत लिहिले, 'बोलणारीची चूक.'

गुरूंनी ती ओळ वाचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिष्य टेकडीपलीकडून सरपण घेऊन परतला, तेव्हा त्याचा स्वतःचा वाडगा पालथा होता. कांबळे घडी घालून ठेवले होते. गुरू त्याच्याविषयीच बोलत होते, आणि शब्द चौथा होता.

"गुरुजी, मी आलोय."

"पोरगा हुशार होता," गुरू अर्दोला म्हणाले.

"होता. दूध मात्र फार प्यायचा."

तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यांची नजर त्याच्या आरपार वाळूवर गेली. त्याची सावली गुरूंच्या मांडीवर पडली; धूळ झटकावी तशी त्यांनी ती झटकली. शिष्याने खाली पाहिले. आपले पाय जागेवर आहेत की नाहीत, याची त्याला खात्री वाटेना.

मग गुरूंनी पहिला शब्द उच्चारला. अर्दोने वाडगा सुलटा केला.

"भ्यालास?" गुरू म्हणाले. "मीही भ्यालो, बाळ. हे करावं की नाही, ते मला अजूनही कळलेलं नाही. इथे ज्याच्याविषयी घरात चौथा शब्द निघतो, त्याचा वाडगा पालथा घालतात. मग त्याला शोधायला कुणी जात नाही. तू अंतर पावलांनी मोजलंस. ती मोजत नाही, धरून ठेवते. तिच्या हातात तेवढाच दोर उरलाय."

शिष्याने वहीतली ओळ खोडली.

सायंकाळी दूध काढून झाले. शिष्याने गुलेदचा वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला आणि पहिला शब्द सावकाश उच्चारून म्हणाला, "आधी ह्याचं भरा, मावशी."

धाकटा काका उठला आणि उंटावर खोगीर चढवू लागला.