मीठ साठवणारं पान

फार जुनी गोष्ट. खाडीकाठच्या शेतात भाताचं एक रोप उभं होतं. लोंबी अजून त्याच्या पोटातच होती, तेवढ्यात बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं.

"अडवता आलं तेवढं मीठ अडवलं," मूळ म्हणालं. "बाकीचं वर चढणार. लोंबीपर्यंत पोचलं तर एक दाणा भरायचा नाही."

सगळ्यांत खालचं म्हातारं पान घाबरलं. सावलीत राहून ते पिवळं पडलं होतं. आपल्याच्यानं काही होईल याची त्याला खात्री नव्हती. तरी ते म्हणालं, "माझ्याकडे वळव."

लगतचं वरचं पान हसलं. "आजोबा, तुम्हांला धड ऊन झेपत नाही, मीठ काय झेपणार?"

"झेपेल तितकं घेईन. तू तुझं उन्हाचं काम सोडू नकोस."

मूळ मीठ धाडत राहिलं, म्हातारं पान साठवत राहिलं. आधी त्याचं टोक जळलं, मग कडा. पाचव्या दिवशी लोंबी बाहेर पडली, हिरवीगार.

"आजोबा, तुमच्यात आता जागा उरली नाही," मूळ हळूच म्हणालं. "पाणी तर अजून ओसरलं नाही. कुणाकडे धाडू?"



"त्यात विचारायचं काय?" वरचं पान म्हणालं. "आजोबांनंतर खालचं पान मीच."